डॉक्टरांचा राहून गेलेला गोवर

सूचना क्रमांक एक आली तेव्हा डॉक्टर एका पोराच्या दंडावर सुई टेकवून त्याला सांगत होते, की काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल.

"कुठली मुंगी?" पोरानं विचारलं.

"लहान. काळी."

"चावते ती लाल असते."

"ही काळीच आहे," डॉक्टर म्हणाले आणि टोचून मोकळे झाले. पोरगं केकाटलं. पोराच्या आईनं नेहमीसारखं कौतुकानं डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी नेहमीसारखं ते नाकारलं, आणि मग हात पुसून पाकीट फोडलं.

गावात गोवराची साथ होती. तशी मोठी नाही, पण पेपरात रोज चौकट यायची आणि चौकटीत रोज आकडा वाढायचा. आरोग्य कार्यालयानं सगळ्या फॅमिली डॉक्टरांसाठी सूचना काढल्या होत्या. पुरळ दिसलं की मुलाला बाकीच्यांपासून वेगळं बसवा. खिडक्या उघड्या ठेवा. संशयित रुग्ण त्याच दिवशी कळवा. डॉक्टर मान डोलावत वाचत होते. हे सगळं ते आधीपासूनच करत होते. खिडकी तर त्यांच्या दवाखान्यात बंदच होत नसे. मान कलम सातपर्यंत डोलली आणि तिथं थांबली.

*कलम ७. साथीच्या काळात रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने आपण स्वतः गोवरापासून सुरक्षित असल्याचा पुरावा सात दिवसांत सादर करावा. पुरावा म्हणून (अ) लसीकरणाची नोंद, (ब) रक्ततपासणीचा अहवाल, अथवा (क) बालपणी आजार होऊन गेल्याबद्दल हयात पालकाचे लेखी निवेदन ग्राह्य धरले जाईल. यांपैकी काहीही नसल्यास लस घ्यावी. लस न घेतल्यास साथ संपेपर्यंत दवाखाना बंद ठेवावा व कारणासह तसा फलक दारावर लावावा.*

आता वाचक म्हणेल, त्यात काय एवढं. डॉक्टरच तो. घ्यायची लस.

म्हणून इथं थांबून एक गोष्ट सांगणं भाग आहे. सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये डॉक्टरांनी ती कुणाला सांगितलेली नव्हती. डॉक्टर सुईला भीत. द्यायला नव्हे. द्यायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता, लांबलांबून लोक पोरं घेऊन येत. पण सुईला दोन टोकं असतात, आणि डॉक्टरांचा सगळा जन्म मागच्या टोकाला गेला होता. मधल्या काळात किती लशी आल्या, किती मोहिमा झाल्या. नेमक्या त्या त्या दिवशी डॉक्टरांना सर्दी असायची.

तर लस बाद. रक्ततपासणी हीसुद्धा, नीट विचार केला तर, सुईच. तीही बाद. लसीची नोंद कुठून असणार. राहिलं (क). म्हणजे काय, तर आपल्याला लहानपणी गोवर होऊन गेलेला असणं आवश्यक होतं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तो होऊन गेल्याचं ठरवून टाकलं.

"झाला होता तुम्हाला?" बायकोनं विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची, पण डॉक्टरांची बायको म्हणून सगळी आळी तिला डॉक्टरीणबाई म्हणायची.

"झालाच असणार. आमच्या वेळी सगळ्यांना व्हायचा."

"सगळ्यांना म्हणजे तुम्हाला, हे कसं?"

"अगं, आठवतंय मला. अंधारी खोली. उशाशी आई. अंग नुसतं फणफणलेलं."

"ते गालगुंड. लग्नाआधी तुम्हीच मला सांगितलेलं. वर फोटोही दाखवला होतात, दोन्ही गाल सुजलेला."

"गालगुंडाबरोबर गोवरही असू शकतो."

"मग रक्त तपासून घ्या ना. एका दिवसाचं काम."

"लॅबवाल्यांवर आधीच किती ताण आहे. त्यात आपण भर घालायची? मला नाही पटत."

उत्तर लिहिलंय पण मधल्या पायऱ्या नाहीत, अशा वहीकडे ती जशी पाहायची तसं तिनं नवऱ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात टीव्हीवर कुणाला इंजेक्शन देताना दाखवलं, की हा माणूस उठून पाणी प्यायला जातो, हे तिनं पाहिलेलं होतं. पण परीक्षकानं मुलाला शेवटपर्यंत लिहू द्यावं, अशा मताची ती होती.

*सुधारित सूचना क्रमांक दोन. सूचना क्रमांक एकमधील 'डॉक्टर' या शब्दात डॉक्टरीणही समाविष्ट समजावी.*

*सुधारित सूचना क्रमांक तीन. सूचना क्रमांक दोनचा गैरअर्थ काढला जात असल्याने ती रद्द समजावी.*

डॉक्टरांनी चूक एवढीच केली, की वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना सहज विचारलं, की गोवर होऊन गेल्याची काही खूण अंगावर राहते का हो. पोस्टमास्तरांना सहज विचारलेलं काहीही सहज राहत नसे. दहा मिनिटांत ते खाली दवाखान्यात आले, बाकावर बसले आणि डॉक्टरांच्या डोक्याकडे निरखून पाहू लागले.

"गोवर झालेल्या माणसाचे केस पुढून लवकर जातात," ते म्हणाले. "तुम्हाला झालाय."

"असं वैद्यकीय शास्त्रात नाही."

"शास्त्रात नसेल. तुमच्या डोक्यावर आहे."

एवढ्यात शेजारचा टेलर गळ्यात टेप अडकवून आला. भिंत एकच असल्यामुळे दवाखान्यात बोललेलं त्याला दुकानात ऐकू जायचं, आणि मत मांडायला तो भिंतीला वळसा घालून यायचा.

"मला तीनदा निघाला होता गोवर," तो म्हणाला.

"तीनदा निघत नाही. एकदा झाला की झाला."

"आमची आई तीनदा म्हणायची. आता एवढे तीन मी काय करू? त्यातला एक तुम्ही लिहून घ्या."

"असं घेता येत नाही."

"का नाही? मी कुठं परत मागायला येतोय?"

डॉक्टरांची सिस्टर कोपऱ्यात कापूस कापत होती. वीस वर्षं ती या दवाखान्यात होती आणि वीस वर्षांत कामाशिवाय बोललेली नव्हती. "लस घेतली की प्रश्न मिटला," ती म्हणाली. बाकावर क्षणभर शांतता झाली. पोस्टमास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. टेलरला दुकानात गिऱ्हाईक आल्याची आठवण झाली. डॉक्टरांनी ड्रॉवर उघडून बंद केला. या शांततेकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं असतं, तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला आपल्याच छातीचे ठोके ऐकू येतात.

निवेदन डॉक्टरांनी स्वतः टाइप करून घेतलं. *मी खाली सही करणारी असे निवेदन करते की माझा धाकटा मुलगा यास वयाच्या सहाव्या वर्षी गोवर झाला होता व तो पूर्ण बरा झाला.* 'पूर्ण बरा झाला' हे जरा जास्तच झालं, हे त्यांनाही कळत होतं. पण खोट्याला थोडी सजावट लागते.

आई थोरल्या भावाकडे असायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला. वय ब्याऐंशी. पस्तीस वर्षं तिनं शाळेत हजेरी घेतली होती आणि गैरहजर मुलाला एकदाही हजर लावलेलं नव्हतं. ही गोष्ट डॉक्टरांना माहीत होती. पण आपण मुलगा आहोत, विद्यार्थी नाही, असा त्यांचा समज होता.

"काय रे धाकट्या, कामाच्या दिवशी?"

"सहज. तुझी तब्येत बघायला."

"सहज कागद घेऊन आलास?"

तिनं भिंग मागवलं, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग भिंग खाली ठेवलं.

"गोवर दादाला झाला होता."

"मलाही झाला असेल ना गं. एका घरात दोन पोरं, एका ताटात जेवायचो."

"दादा आजारी पडला त्याच दिवशी तुला मावशीकडे पाठवलेला. महिनाभर होतास. येताना तिथलं मांजर आणलंस."

"आई, एक सही आहे. सरकारी काम. नाहीतर दवाखाना बंद ठेवायला लागेल. लोकांची साथीत किती गैरसोय होईल, विचार कर."

आईनं विचार केला. बराच केला. "दे पेन," ती म्हणाली. "जा, तोवर दादाच्या बायकोला चहाला हात लाव."

डॉक्टर चहा घेऊन आले तेव्हा कागदाची नीट घडी झालेली होती. खालच्या कोपऱ्यात आईची ठसठशीत सही दिसत होती. डॉक्टरांनी वाकून नमस्कार केला. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि डॉक्टरांना वाटलं, म्हातारपणी माणूस किती समजूतदार होतो.

आरोग्य कार्यालयात पहिल्या खिडकीवर सांगितलं, दुसऱ्या खिडकीवर जा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, पुरावे वर घेतात. वर सांगितलं, डॉक्टरांचे पुरावे मॅडम स्वतः बघतात, बसा. डॉक्टर बसले. सव्वीस वर्षांत प्रथमच ते अशा बाकावर बसले होते जिथून आत कोण बोलतंय ते ऐकू येतं पण कळत नाही. शेजारच्या माणसानं त्यांना विचारलं, तुम्हाला काय होतंय. डॉक्टर म्हणाले, काही नाही, मी डॉक्टर आहे. तो माणूस समजुतीनं म्हणाला, होतं असं, घाबरू नका.

आरोग्य अधिकारी मॅडम तरुण होत्या. एवढ्या की लहानपणी त्यांना पोलिओचे थेंब डॉक्टरांनीच पाजलेले असावेत. समोर आणखी तीन डॉक्टर, एक कारकून आणि चहाचा ट्रे. मॅडमनी निवेदन वाचलं, मान हलवली, शिक्का उचलला, शाईवर दाबला. आणि थांबल्या.

"खाली लिहिलंय, 'कृपया मागे पाहावे.'"

"कुठे?"

"सहीखाली. बारीक अक्षरात."

डॉक्टर काही बोलायच्या आत मॅडमनी कागद उलटला. आणि सरकारी माणसाला लिहिलेलं दिसलं की मोठ्यानं वाचायची सवय असते, तसं वाचायला लागल्या.

*समोरचा मजकूर माझ्या मुलाने लिहिला आहे. सही माझी आहे, मजकूर खरा नाही. गोवर थोरल्याला झाला होता. धाकट्याला झाला नाही. लस टोचणाऱ्या बाई आमच्या गल्लीत आल्या तेव्हा तो माळ्यावर गाद्यांच्या मागे दडून बसला. संध्याकाळी भूक लागल्यावर खाली उतरला, तोवर बाई पुढच्या गल्लीत गेल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी त्याला धरून न्यायला हवे होते. नेले नाही, कारण तो फार रडत होता. चूक माझी आहे. ती दुरुस्त करणे आता माझ्या हातात नाही, तरी आपण टोचावे ही विनंती.*

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तिघा डॉक्टरांपैकी समोरचे डॉक्टर, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर नवा काचेचा दवाखाना थाटलेले, ते फार लक्षपूर्वक चहाच्या कपात बघत होते. याचा अर्थ डॉक्टरांनी काढला तो असा, की उद्यापर्यंत ही गोष्ट सगळ्या रस्त्याला कळणार.

"शुक्रवारी सात दिवस पूर्ण होतात," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, तेच डॉक्टरांना सहन झालं नाही. "शनिवारी फलक लावावा लागेल, सर. कारणासह. 'डॉक्टर स्वतः असुरक्षित असल्याने.' मसुदा ठरलेला आहे."

अशा वेळी माणसाला शहाणपण सुचतं ते शेवटचं आणि वाईट असतं. डॉक्टर ताठ बसले. "लशीला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण एक कुपी दहा डोसांची. फोडली की चार तासांत संपवायला लागते. एकट्या माझ्यासाठी फोडायची आणि नऊ डोस मोरीत ओतायचे? साथीच्या दिवसांत? माझं मन नाही घेत."

मॅडमच्या चेहऱ्यावर आदर उमटला. "अगदी बरोबर, सर. असा विचार कुणीच करत नाही." त्यांनी कारकुनाकडे वळून पाहिलं. "यांच्या दवाखान्यात शुक्रवारी सकाळी कुपी पाठवा. सर नऊ मोठी माणसं जमवतील. नाहीतरी मोठी माणसं लशीला येतच नाहीत. पोरांना आणतात आणि स्वतः दारात उभी राहतात."

म्हणजे आगीतून फुफाट्यात. डॉक्टरांनी दवाखान्यात येऊन सिस्टरला सांगितलं, नऊ जण जमवायचेत, पण घाई नको, कुणावर जबरदस्ती नको, लोकांना कामं असतात. सिस्टरनं वही काढली.

गुरुवारी दुपारी वहीत चौदा नावं होती. डॉक्टरांना भोवळ आली. संध्याकाळी पोस्टमास्तरांनी कळवलं, की गुडघा दुखतोय. तेरा. टेलरनं भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं, की त्याला तीनदा होऊन गेलाय, त्याची गरज नाही. बारा. किराणेवाल्याच्या घरी पाहुणे. रिक्षावाल्याची रिक्षा. पेपरवाल्याला सकाळचीच कामं असतात, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रात्री जेवताना आकडा नऊवर होता आणि डॉक्टर दोनदा भात मागून घेत होते.

"आठवर आला, तर कुपी परत पाठवायची," ते म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"सगळे पुरुषच कसे गळाले?" बायकोनं विचारलं.

"कामं असतात पुरुषांना."

"हो ना. तुम्हालाही सर्दी झाली असेल."

डॉक्टरांचा घास थांबला. बायकोनं त्यांच्या पानात भात वाढला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सव्वीस वर्षं तुम्ही लोकांच्या पोरांना टोचताय. परवा फलक लागला, की त्या पोरांना कोण टोचणार? समोरचे? त्यांच्याकडची पोरं रडताना रस्त्याच्या या बाजूला ऐकू येतात. भ्यायला काही हरकत नाही हो. दारावर लिहून लावायची काय गरज आहे?"

डॉक्टरांनी पान अर्धवट सोडून हात धुतला. मग ते फोनकडे गेले आणि एकेकाला फोन लावत राहिले. सगळ्यांना त्यांनी एकच वाक्य सांगितलं, जे आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं: "मलाही भीती वाटते, या सोबतीला."

शुक्रवारी सकाळी बाकावर जागा नव्हती. पोस्टमास्तर गुडघ्यासह हजर होते. टेलर होता. किराणेवाला, रिक्षावाला, आणि ज्यांची नावं वहीत कधीच नव्हती असेही दोघं-तिघं. मोजून पंधरा पुरुष, पण एकाच्याही तोंडातून शब्द नाही. लग्नाला नव्हे, निकालाला आल्यासारखे बसले होते. शिवाय रोजच्या वेळेची पोरं आणि पोरांच्या आया होत्याच. त्या बघायला थांबल्या.

सिस्टरनं कुपी फोडली, पाणी मिसळलं, हलवली. "आधी कोण?"

पंधराही जणांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"बसा खुर्चीत," सिस्टर म्हणाली.

"बसायचं काय त्यात," डॉक्टर म्हणाले. अंगात मोठेपणा थोडा शिल्लक होता, तो इथं खर्ची पडला. ते उभे राहिले. बाही वर केली. चेहरा खिडकीकडे फिरवला. खिडकीतून समोरचा काचेचा दवाखाना दिसत होता.

"मुंगी चावल्यासारखं होईल," सिस्टर म्हणाली. वीस वर्षं रोज ऐकलेलं वाक्य, दुसरं तिला माहीत नव्हतं.

डॉक्टरांना कापसाचा गार स्पर्श कळला. सुई कळली नाही, कारण त्याआधीच खिडकी हळूहळू वर गेली, छत खाली आलं आणि टेलरची मांडी अचानक फार जवळ दिसली.

शुद्धीवर आले तेव्हा ते तपासायच्या टेबलावर आडवे होते. टेबलावरून छत त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. कोपऱ्यात जळमट होतं. दंडावर कापूस होता. आणि दवाखान्यात गलका चालला होता.

"आता माझा नंबर."

"कसा तुमचा? मी पहाटेपासून आलोय."

"अहो, डॉक्टरांएवढा शिकलेला माणूस पडतो. आपण पडलो तर कोण हसणार आहे?"

"मला आधीच आडवा करा," टेलर म्हणत होता. "माझ्या मांडीवर दुसरं कुणी नको."

पोस्टमास्तर रांग लावत होते. एवढ्या मोकळेपणानं भीतीबद्दल बोलणारे पुरुष डॉक्टरांनी सव्वीस वर्षांत पाहिले नव्हते. प्रत्येकजण आपापला माळा, आपापली कोठी, आपापला पलंगाखालचा कोपरा सांगत होता. दहा डोस संपले. सिस्टरनं दुसरी कुपी मागवली. त्या कुपीसाठीही माणसं कमी पडली नाहीत. पाच जण पडले. सहावा, रिक्षावाला, पडला नाही, आणि त्याबद्दल त्यानं सगळ्यांची माफी मागितली.

डॉक्टरांनी टेबलावरूनच एका लहान मुलीला तपासलं, कारण उठायची परवानगी सिस्टर देत नव्हती. मुलीनं विचारलं, दुखलं का. डॉक्टर म्हणाले, "आठवत नाही. पण भीती फार वाटली." मुलीनं समंजसपणे मान हलवली आणि तोंड उघडून जीभ दाखवली.

शनिवारी दारावर फलक लागला नाही. आला तो कागद.

*सुधारित सूचना क्रमांक सहा. कलम ७ नंतर खालील कलम वाढवावे. कलम ७ (अ). लस घेणाऱ्या डॉक्टरांना लस टोचण्यापूर्वी आडवे करावे. ते नको म्हणाले तरी करावे.*

कागद सगळ्या फॅमिली डॉक्टरांना गेला होता. नाव कुणाचं नव्हतं, पण नाव लिहायची गरजही नव्हती. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, परत काढून वाचला. इतिहासात आपलं एक कलम झालं, याचा आनंद मानावा की दुःख, ते ठरेना. रविवारी दुपारी फोन वाजला. समोरचे डॉक्टर. आमच्या डॉक्टरांनी मन घट्ट केलं.

"वाचलं मी कलम," समोरचे म्हणाले.

"वाचलंत ना. हसा आता."

"हसतो कुठं." पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "माझा पुरावा त्यांनी काल नाकारला. आमच्या वडिलांना माझं लहानपण काही आठवत नाही. जन्मसुद्धा ते कधी कधी थोरल्याचाच धरतात."

"मग?"

"मग काय. आमच्याकडे नव्या पद्धतीच्या खुर्च्या आहेत सगळ्या. टेबल अरुंद आहे." आवाज आणखी खाली आला. "तुमच्याकडचं रुंद आहे ना?"

डॉक्टरांनी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. "आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी या. मी शेजारी उभा राहतो."

"उभे राहू नका हो," समोरचे म्हणाले. "तुम्ही बसा."